कलावंत कारखाना आणि वीज कारखाना

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक साधा अर्ज भरावयाचा होता, आणि त्या अर्जापायी आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. अर्ज माझ्या धाकट्या मुलाचा. दहावीला त्याला बरे गुण मिळाले. त्याचे म्हणणे असे की, आपल्याला आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनच्या शाखेला जावयाचे आहे आणि पुढे एखाद्या वीजघरात नोकरी करावयाची आहे. हे ऐकून त्याच्या आईने जेवणाचे ताट बाजूला सारले. पुण्याहून त्याच्या मामांचा फोन आला. दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या एका वृद्ध आत्याबाई काठी टेकीत दोन जिने चढून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, दरबारच्या पखवाजियाचा नातू आता पाना-पक्कड घेऊन कोळशात हिंडणार काय?"

मी गप्प होतो. घरच्यांना वाटले की मीही विरोधातच आहे. माझ्या गप्प बसण्याचे कारण निराळे होते. आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यासमोर दुसऱ्या एका मुलाच्या रूपाने आला होता, आणि त्या वेळी मी जे उत्तर दिले ते अजून माझ्या मनात सलते आहे. ते आज येथे सांगून टाकावे आणि त्या निमित्ताने आपल्या या बडोद्यातील मराठी मंडळींशी चार शब्द बोलावे, असा विचार आहे.

तो मुलगा माझ्याकडे नऊ वर्षे गाणे शिकत होता. आवाज भरदार, खर्ज उत्तम, आणि मुख्य म्हणजे कान पक्का. तंबोऱ्याची एखादी तार केसभर उतरली तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. घरची परिस्थिती बेताची. आय.टी.आय. करून, अप्रेंटिसची उमेदवारी पुरी करून तो एका औष्णिक वीजकेंद्रात लागला आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी पेढा हातात घेतला आणि म्हणालो, "म्हणजे आता गाणे फुरसतीचे झाले म्हणावयाचे!" त्याने वाकून नमस्कार केला आणि तो गेला. पुढे तीन वर्षे त्याने माझ्या घराची पायरी चढली नाही. शिष्याला घालविण्यासाठी मारावे लागत नाही, वाचकहो. एवढे एक वाक्य पुरते.

माझे वडील, अण्णा, बडोदे दरबारच्या अखेरच्या कलावंतांपैकी एक. वयाच्या सतराव्या वर्षी, १९४४ साली ते पखवाज वाजविण्यास दरबारात लागले, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे नोकरी जेमतेम पाच वर्षांची. पुढे सारा जन्म शिकवण्या करून काढला. मी त्यांना पन्नाशीनंतर झालेला मुलगा. त्यामुळे दरबाराचे वैभव मी पाहिले नाही, त्याच्या गोष्टी मात्र भरपूर ऐकल्या. त्या गोष्टींतली एक गोष्ट आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. दरबारच्या कलावंतांच्या खात्याचे नाव होते 'कलावंत कारखाना'. गवई, बीनकार, सारंगिये, पखवाजी हे सारे त्या कारखान्याचे नोकर. नाव पटावर, पगार ठरलेला, हजेरीची वेळ ठरलेली. अण्णा हसून म्हणत, "आम्ही कारखान्यातलीच माणसे. आमच्या कारखान्यात सूर तयार होई, एवढाच काय तो फरक."

आज आम्ही 'कलावंत' हा शब्द उच्चारतो तेव्हा डोळ्यांसमोर झगमगीत शाल आणि फुलांचा हार येतो. 'कारखाना' म्हटले की तेलकट चिंधी आणि भोंगा येतो. हे दोन शब्द एकेकाळी याच शहरात एकाच पाटीवर जोडून लिहिले जात होते, याची आम्हांला आठवणही उरलेली नाही.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८९० साली, कलाभवन काढले. कलाभवनात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय शिकवीत. त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनशास्त्रज्ञ तेथे होता. दादासाहेब फाळके काही काळ तेथेच शिकले. एका राजाने चार वर्षांच्या अंतराने दोन संस्था काढल्या. एकीत माणसाचा गळा तयार करावयाचा, दुसरीत माणसाचा हात. पुढे १९४९ साली विद्यापीठ झाले तेव्हा दोन्ही त्याच विद्यापीठात आल्या. सूरसागराच्या काठच्या गायनशाळेतून कलाभवनापर्यंत चालत जाता येते. इतके जवळचे अंतर आमच्या मनात मात्र शेकडो कोसांचे होऊन बसले आहे. महाराजांना जे एकाच नजरेत दिसले ते त्यांच्या प्रजेच्या नातवंडांना दोन डोळ्यांनीही दिसू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तीन वर्षांनी एका पावसाळी पहाटे दार वाजले. तोच मुलगा. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने आला होता; डोळे तांबारलेले. म्हणाला, "गुरुजी, एक शंका आहे. ललत म्हणताना दोन मध्यम एकापाठोपाठ लावतो तेव्हा शुद्ध मध्यमावर थांबावे किती?" तीन वर्षांच्या अबोल्यानंतर हा प्रश्न! मी तंबोरा काढला. तो गायला. रियाज कमी पडला होता, तान जागोजाग अडखळत होती, हे मान्य करावयास हवे. परंतु तो ललत मला खरा वाटला. त्याचे कारण मी पुढे विचार करून शोधले. ललताची वेळ रात्र सरून पहाट होण्याची. आमच्यापैकी किती गवई त्या वेळी जागे असतात? आम्ही ललत शिकवितो सायंकाळी साडेसहाला, विजेच्या दिव्याखाली. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री दहाला बहुतेक मैफली संपतात, आणि उत्तररात्रीचे राग पोरके झाले आहेत. हा मुलगा मात्र महिन्यातून कित्येक रात्री ती वेळ उघड्या डोळ्यांनी पाहतो.

नंतर त्याच्याच खटपटीने मला एकदा त्याचे वीजघर पाहावयास मिळाले. त्या केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. दरवाजावर पास दाखवावा लागला, डोक्यावर टोप चढवावा लागला, कानांत बोळे घालावे लागले. धोतर नेसणाऱ्याला आत सोडीत नाहीत, कारण फिरत्या यंत्रात सैल कपडा अडकतो. म्हणून मी आयुष्यात फार वर्षांनी पाटलोण घातली.

जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. कोळसा गिरण्यांत पिठासारखा बारीक दळतात आणि हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. दोनशे दहा मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर ताशी सव्वाशे ते दीडशे टन कोळसा खातो. त्या आगीवर पाण्याची वाफ होते. ती वाफ सुमारे ५४० अंशांपर्यंत तापते. ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात, आणि तो आस मिनिटाला ३,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला पन्नास. त्याच आसाला जोडलेले जनित्र वीज करते, आणि म्हणून आपल्या घरातील विजेचे आंदोलनही सेकंदाला पन्नास.

पन्नास हा आकडा ऐकताच माझे कान टवकारले. बाहेर ट्रान्सफॉर्मरच्या आवारात आलो तेव्हा एक अखंड गुंजन ऐकू येत होते. ते दुप्पट आंदोलनाचे, म्हणजे सेकंदाला शंभरचे. मी मनात पेटीची पट्टी लावून पाहिली. ती खर्जातली पांढरी पाच, श्रुती-दीड श्रुती चढी. काळी एकमध्ये गाणाऱ्याला तो सूर धड तीव्र मध्यमही नाही आणि धड पंचमही नाही, मधेच लोंबकळतो. मी हे माझ्या शिष्याला सांगितले, तर तो हसून म्हणाला, "गुरुजी, मला पहिल्याच दिवशी खटकले होते. आता तोच माझा षड्ज झाला आहे."

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच होती. एखादे जनित्र चालू करून ते बाकीच्या जाळ्याला जोडावयाचे असते तेव्हा ते कसेही जोडून चालत नाही. दोन्हींकडची आंदोलनसंख्या, दोन्हींकडचा दाब, आणि दोन्हींकडच्या लाटेची चाल तंतोतंत जुळावी लागते. त्यासाठी एक काटा असतो. आंदोलने जुळली नसतील तर काटा गरगर फिरतो. जुळत आली की मंद होतो. आणि तो अगदी सावकाश बाराच्या खुणेवर येतो त्या क्षणी बटण दाबावयाचे. जुन्या वीजघरांत काट्याऐवजी दिवे लावीत. दिवे उजळत, मंदावत, पुन्हा उजळत. जुळणी जवळ आली की ही उघडझाप संथ होई. वाचकहो, तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळविताना आपण जे ऐकतो ते याहून काय निराळे आहे? तारा जुळत नाहीत तोवर नाद हेलकावे घेतो, जुळत आल्या की हेलकावा लांबतो, आणि जुळल्या की एक होतो. जे आम्ही कानाने करितो ते ही माणसे डोळ्याने करितात, आणि चूक झाली तर आमच्याकडे श्रोता नाक मुरडतो, त्यांच्याकडे कोट्यवधी रुपयांचे यंत्र मोडते.

हे जुळणेही एकदा करून संपत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची वीजघरे एकाच आंदोलनावर चालतात. सायंकाळी घरोघर दिवे लागले की भार वाढतो आणि सर्वांचा सूर किंचित उतरू लागतो. मग वाफेची झडप उघडून तो सावरावा लागतो. आंदोलन ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखावे, असा दंडक आहे. शेकडो जनित्रे, हजारो माणसे, आणि सूर एवढ्या अरुंद पट्टीत! तो सुटला तर काय होते ते २०१२ साली दिसले. जुलैच्या ३० तारखेस उत्तरेचे जाळे कोसळले, आणि ३१ तारखेस उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. सुमारे साठ कोटी लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. आपला पश्चिमेचा भाग त्या दोन्ही दिवशी उभा राहिला. आपण त्या वेळी पंख्याखाली निवांत बसून बातम्या पाहिल्या असतील. कोणाच्या जागरणामुळे तो पंखा फिरत होता, हा विचार निदान माझ्या तरी मनाला शिवला नव्हता.

तेव्हा हे काम हलके आहे, हे मी आता कोणाचे ऐकून घेणार नाही. तेथील जुना फिटर बेअरिंगवर लोखंडी सळई टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरतो आणि आत काय बिघडते आहे ते सांगतो. त्याच्या कानाला मी नमस्कार केला.

मात्र याचा अर्थ सर्वच गोडगोड आहे असा कोणी घेऊ नये. मुलाला एखाद्या वाटेवर पाठवावयाचे तर त्या वाटेवरचे काटेही बापाने मोजले पाहिजेत.

पहिला काटा आवाजाचा. यंत्रघरात तासन् तास मोठा आवाज असतो. आठ तासांच्या कामाला नव्वद डेसिबल ही आपल्या कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा. आणि कान बिघडू लागतात ते प्रथम वरच्या सुरांना, सुमारे चार हजार आंदोलनांच्या आसपास. बोलणे ऐकू येते म्हणून माणूस बेसावध राहतो, आणि तंबोऱ्याच्या जवारीची झिलई मात्र हळूहळू नाहीशी होते. गेलेले कान परत येत नाहीत. माझा शिष्य कानांवरचे झाकण क्षणभरही काढीत नाही; त्याचे सोबती त्याला 'गवयी' म्हणून चिडवितात. चिडवू देत. त्यांनीही तेच करावे.

दुसरा काटा अपघाताचा. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथे बॉयलरच्या भागात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. वाफ, वीज आणि उंची या तिन्हींना क्षमा ठाऊक नाही. लेखी परवाना हाती आल्यावाचून कोणत्याही यंत्राला हात लावावयाचा नाही, हा तेथला पहिला धडा. घाई करणाऱ्या वरिष्ठाला "परवाना कोठे आहे?" असे विचारण्याचे धैर्य हे त्या नोकरीतले खरे कौशल्य होय.

तिसरा काटा पाळीचा. वीज साठवून ठेवणे अवघड, म्हणून ती अहोरात्र करावी लागते. कोणाची तरी दिवाळी, कोणाचे तरी मंगलकार्य पाळीत जातेच. झोप बिघडते, पोट बिघडते. आमच्या नगारखान्यातला चौघडाही प्रहराप्रहराला वाजे, आणि तो वाजविणारेही कोणाचे तरी बाप आणि भाऊच होते. परंतु दुसऱ्याने सोसले म्हणून आपले दुखणे कमी होत नाही. लग्न ठरविताना ही गोष्ट मुलीकडच्यांना आधी सांगावी, एवढेच मी म्हणतो.

चौथा काटा सर्वांत बोचणारा आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वीजघराच्या एकाच दरवाजातून दोन प्रकारची माणसे आत जातात. एकाचे नाव कंपनीच्या पटावर असते, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. कोळसा वाहणे, राख काढणे, साफसफाई, दुरुस्तीची पुष्कळशी कामे ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतात. धूळ तीच, उष्णता तीच. पगार, रजा आणि उद्याची शाश्वती मात्र निराळी. अण्णा म्हणत, "दरबारात आमचे नाव पटावर होते, म्हणून मान होता, पट गेला आणि आमच्या पखवाजाचा आवाज तोच असून कोणी ऐकेना." म्हणून माझे तरुणांना कळकळीचे सांगणे आहे : वीजघरात जा, पण कोणाच्या पटावर जाता ते आधी विचारा. आणि ज्यांना ठेकेदाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्या न्याय्य मागण्यांच्या वेळी आपण शहरवासीयांनी 'वीज जाईल' एवढ्याच भीतीने त्यांच्याकडे पाहू नये.

पाचवा प्रश्न भविष्याचा. कोळशाचे दिवस भरत आले, मग मुलाला तेथे कशाला धाडता, असे मामांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. महीच्या मुखाजवळचे धुवारण घ्या. १९६० नंतरच्या दशकात उभे राहिलेले तेथले वाफेचे जुने संच आज इतिहासजमा झाले आहेत आणि त्या ठिकाणी वायूवर चालणारे संच आहेत. वणाकबोरीला १९८२ पासून एकामागून एक सात संच आले, आणि २०१९ साली एकटा आठशे मेगावॅटचा आठवा संच आला. केवडियाला सरदार सरोवराच्या पोटात जमिनीखालचे वीजघर आहे. त्याचे दोनशे मेगावॅटचे सहा संच आणि कालव्यावरच्या वीजघराचे पन्नास मेगावॅटचे पाच, मिळून १,४५० मेगावॅट. त्या विजेत मध्य प्रदेशाचा ५७, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६ टक्के वाटा. म्हणजे येथे चाकरी करणाऱ्या बडोद्याच्या मराठी मुलाची थोडी वीज नाशिक-नागपूरलाही पोहोचते. याखेरीज कच्छात सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेचे मोठे काम चालले आहे. तेथे एका मेगावॅटमागे माणसे कमी लागतात, हे खरे. परंतु आंदोलन राखणे, तारा, उपकेंद्रे, रक्षक यंत्रणा, दुरुस्ती ही कामे राहणारच. एक राग नीट शिकलेल्याला दुसरा शिकणे अवघड जात नाही. ज्याला विद्युत् आणि यंत्र यांचे व्याकरण आले तो इंधन बदलले म्हणून उपाशी मरणार नाही. जो एकच चीज घोकून बसला त्याची मात्र धडगत नाही. हे गवयालाही लागू आहे.

ज्या पालकांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक अशा शाखा आहेत. नंतर १९६१ च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिसची उमेदवारी. गुजरातच्या सरकारी वीज कंपन्यांत 'विद्युत सहायक' म्हणून परीक्षा घेऊन भरती होते; आरंभीची काही वर्षे ठरीव पगार आणि मग नियमित श्रेणी. पदविका अगर पदवी घेणाऱ्यांना कनिष्ठ अभियंत्याची वाट मोकळी आहे. बॉयलर चालविणाऱ्याला सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचे एक केंद्र नागपूरला आहे. गुजरात वीज मंडळाची कचेरी पहिल्यापासून आपल्याच शहरात होती. २००५ साली मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या, तरी वीज निर्माण करणाऱ्या कंपनीची मुख्य कचेरी आजही येथेच आहे. आमची मुले तिच्या फाटकावरून रोज शिकवणीला जातात आणि आत काय चालते ते त्यांना कोणी सांगत नाही.

राहता राहिला कलेचा प्रश्न, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. वीजघरात गेलेला मुलगा गाण्याला मुकतो काय? काही अंशी मुकतो. माझा शिष्य सवाई गंधर्व महोत्सवात गाणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण त्या मंचावर माझे इतर शिष्य तरी कितीसे गायले? दहा हजारांत एखादा मैफलीचा गवई होतो. बाकीच्यांचे काय करावयाचे याचा विचार आम्ही संगीतशिक्षकांनी कधी केलाच नाही. आम्ही त्यांना स्वप्न दिले आणि पोट दिले नाही. अण्णांनी ज्यांना शिकविले त्यांपैकी दोघेतिघे म्हातारपणी लग्नाच्या बँडमागे ढोलक वाजविताना मी पाहिले आहेत. वाजविण्यात कमीपणा नाही. पण त्यांच्या डोळ्यांतली लाज मी विसरलेलो नाही. ती लाज आम्ही त्यांना दिली, कारण आम्ही त्यांना सांगितले होते की कलावंताने दुसरे काम करणे हा कलेचा अपमान आहे.

उलट, ज्याची चूल नियमित पेटते तो गाणे विकावयास निघत नाही, म्हणून ते निर्मळ राखू शकतो. परळी, कोराडी, चंद्रपूर, भुसावळजवळचे दीपनगर, नाशिकजवळचे एकलहरे अशी वीजकामगारांची गावेच महाराष्ट्रात वसली आहेत. अशा वसाहतींतल्या गणेशोत्सवात पेटी वाजविणारा, भजनात टाळ धरणारा माणूस दिवसा पान्यावर असतो. श्रोते कोठून येणार, हा आजच्या संगीतापुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. तयार कानाचा एक कामगार हा दहा अर्धवट गवयांहून संगीताच्या अधिक उपयोगाचा, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

टर्बाइन थांबविल्यावर त्याचा तापलेला आस तसाच उभा ठेवीत नाहीत, हे मला त्या भेटीत कळले. तो आपल्याच वजनाने वाकेल म्हणून निवेपर्यंत कित्येक तास त्याला अगदी सावकाश फिरवीत राहावे लागते. वीज त्यातून एक कणही निघत नाही. आस सरळ राहतो, एवढेच. नोकरी करणाऱ्याचा रियाज हा असा असावा. मैफलीचा रियाज त्याला जमणार नाही. परंतु रोज अर्धा तास खर्ज लावला तर आतला आस वाकत नाही.

अर्जाचे काय झाले, ते सांगून संपवितो. आठव्या दिवशी मी सही केली. मुलाच्या आईची समजूत पुरती पटली आहे असे मी म्हणणार नाही. पण परवा तिने त्याच्यासाठी जाड तळव्याचे बूट आणले, यावरून काय ते समजावे. आत्याबाई मात्र अजून रागावलेल्या आहेत. त्यांना मी एवढेच म्हटले की, "आत्या, अण्णाही कारखान्यातच होते." त्यांनी काही उत्तर दिले नाही, पण चहा घेतला.

आणि एक छोटासा बदल मी माझ्या वर्गात केला आहे. आजवर माझा वर्ग सायंकाळी सहा ते आठ चाले. पाळीवर काम करणाऱ्याला तो निम्मा महिना बंदच. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसातला आणखी एक वर्ग राहील. तो रात्रपाळीहून परतणाऱ्यांसाठी आहे. मग ते वीजघरातले असोत, इस्पितळातले असोत की रेल्वेतले. फी नंतर पाहू. जागरणाने आवाज बसलेला असेल तर नुसते तंबोऱ्याशेजारी बसावे. आठ वर्षांपूर्वी मी एका मुलाला दाराबाहेर घालविले. तो पहिल्या दिवशी येणार आहे. ललताचा शुद्ध मध्यम आमचा अजून राहिलेला आहे.